फुटांचं राजकारण

२०१५ ला इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांच्या स्मारकाचं भूमिपूजन झालं. २०२० ला मंत्रिमंडळानं पुतळा २५० फुटांवरून ३५० केला. टाळ्या! आम्ही गोदी कामगार, क्रेनखाली राबतो. उंचीचं कौतुक आम्हाला सांगू नका. खोलीचं बोला. साधनांशिवाय माणूस गटारात उतरवला तर दोन वर्षांपर्यंत तुरुंग, असं २०१३ चा कायदा सांगतो. तरी ठेकेदार उतरवतोच, आणि उतरणारा बहुतेक आपल्याच वस्तीतला. २०२३ ला सुप्रीम कोर्टानं भरपाई १० लाखांवरून ३० केली. कोर्टाचं ठीक, पण जित्याला मास्क नाही, मढ्याला तीस लाख! स्मारक हवंच, जागा आपण भांडून घेतलीय. पण सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर हार घेऊन येणाऱ्या मंत्र्याला तिथंच अडवून विचारा : किती ठेकेदार आत टाकले, साहेब?