गावसकर स्वतःसाठी खेळले काय?

आपल्या चळवळीतील माणसे क्रिकेटवर बोलू लागली की एक वाक्य हमखास येते : गावसकर मोठा फलंदाज खरा, पण तो खेळला स्वतःसाठी. बुलढाणा जिल्ह्यात, बैठक आटोपून एस.टी.ची वाट पाहणाऱ्या कार्यकर्त्यांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला आता मत म्हणणे कठीण, त्याची म्हण झाली आहे. म्हणीला पुरावा लागत नाही, हीच तिची सोय. जे लोक सत्ताधाऱ्यांकडे उठताबसता पुरावा मागतात त्यांनी तरी ही सोय घेऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

आरोपाचा मुख्य आधार एकच आहे आणि तो टाळण्यात अर्थ नाही. ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्‌स मैदानावर पहिल्या विश्वचषकाच्या सामन्यात इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ धावा केल्या. उत्तरादाखल भारताने पूर्ण ६० षटके खेळून ३ बाद १३२ केल्या. सलामीला आलेले सुनील गावसकर अखेरपर्यंत टिकले. १७४ चेंडूंत ३६ धावा, त्यांत चौकार एक. भारत २०२ धावांनी हरला. या खेळीचे समर्थन कोणी करू शकणार नाही. खुद्द गावसकरांनीही पुढे आपल्या आत्मचरित्रात तिला अत्यंत वाईट खेळी म्हटले आहे.

पण वाईट खेळी आणि स्वार्थी खेळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला स्वार्थ हा शब्द शिवी म्हणून वापरता येत नाही. त्याला तो मोजावा लागतो. मोजण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. फायदा कोणाचा झाला? तोटा कोणाच्या माथी गेला? आणि करणाऱ्याला दुसरा मार्ग उपलब्ध होता काय? तिन्ही उत्तरे एखाद्याच्या विरुद्ध जातील तेव्हाच त्याला स्वार्थी म्हणावे.

१९७५ ची ती खेळी या कसोटीवर घासून पाहू. तोटा संघाचा झाला आणि दुसरा मार्गही होता. फटके मारून बाद होता आले असते. पण फायदा? नाबाद ३६ धावांनी गावसकरांच्या पदरात पन्नास वर्षांची निंदा पडली, दुसरे काहीही नाही. त्या दिवसापूर्वी भारत एकदिवसीय प्रकारचे अवघे दोन आंतरराष्ट्रीय सामने खेळला होता, तेही १९७४ साली. इंग्लंडची ३३४ ही धावसंख्या तोवरच्या एकदिवसीय सामन्यांतील सर्वोच्च होती. अपरिचित खेळात, अशक्य लक्ष्यासमोर एक कसोटीपटू गोठून गेला. हे अपयश आहे, गंभीर अपयश आहे. अपयशाला स्वार्थ म्हणणे हा हिशेबातला घोटाळा आहे.

आता कसोटी क्रिकेटचा हिशेब पाहू, कारण गावसकरांची सारी मिळकत तिथली आहे. १९७१ साली वेस्ट इंडीजमध्ये पदार्पणाच्या मालिकेत चार कसोट्यांत ७७४ धावा. त्या देशावरील भारताचा तो पहिला मालिका-विजय. १९७६ साली पोर्ट ऑफ स्पेनला ४०३ धावांचे लक्ष्य भारताने गाठले, त्यात त्यांच्या १०२. १९७९ साली ओव्हलवर ४३८ चे लक्ष्य होते. ते २२१ धावा करून परतले आणि भारत ८ बाद ४२९ पर्यंत पोहोचून सामना अनिर्णित राहिला. १९८७ च्या मार्चमध्ये बंगळूरला पाकिस्तानविरुद्ध, चेंडू हातभर वळत असताना, आपल्या शेवटच्या कसोटीत त्यांनी ९६ धावा केल्या. भारत १६ धावांनी हरला. स्वतःपुरते खेळणाऱ्या माणसाची मोठी खेळी संघाच्या गरजेशी इतक्या वेळा जुळून येते काय?

सलामीवीराचे टिकणे ही सार्वजनिक उपयोगाची वस्तू असते. गावातल्या बांधासारखी. बांध घालणारा एक असतो, ओल मात्र खालच्या सगळ्या शेतांना मिळते. वेगवान गोलंदाजांचा नवा चेंडू गावसकरांनी अंगावर घेतला आणि जुना झालेला चेंडू मागाहून येणाऱ्यांच्या वाट्याला आला. विश्वनाथांच्या मनगटातील सौंदर्याचा आस्वाद आपण घेतला, तेव्हा त्या सौंदर्याची किंमत वरच्या क्रमांकावर कोणी तरी आधीच चुकती केलेली असे.

बास्केटबॉलमध्येही हेच होते. ज्या खेळाडूने चाल रचायची त्याच्या हाती चेंडू अधिक वेळ राहतो; संघाची रचनाच तशी असते. मग प्रेक्षक म्हणतात, हा चेंडू सोडत नाही. अमेरिकेतील ऑस्कर रॉबर्टसन या जागेवरचा थोर खेळाडू. १९६१-६२ च्या हंगामात त्याने सामन्यागणिक सरासरी ३०.८ गुण केले आणि ११.४ वेळा चेंडू देऊन सहकाऱ्यांकडून गुण करवून घेतले. नुसते गुण मोजणाऱ्याला एक माणूस दिसेल, दोन्ही आकडे मोजणाऱ्याला संघ दिसेल. याच रॉबर्टसनने खेळाडू-संघटनेचा अध्यक्ष या नात्याने १९७० साली लीगविरुद्ध खटला भरला. त्याची तडजोड १९७६ मध्ये झाली आणि खेळाडूला एकाच मालकाशी जखडून ठेवणारी व्यवस्था सैल झाली. हक्कासाठी भांडणाऱ्याला स्वार्थी ठरवणे मालकांना नेहमीच सोयीचे असते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आपल्याकडेही या सोयीचा इतिहास जुना आहे. पळवणकर बंधू चांभार जातीचे. थोरले बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले, पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली हाच अन्याय पुन्हा झाला तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले. संघापेक्षा मान मोठा मानला, असा ठपका त्यांच्यावर सहज ठेवता आला असता. १९२३ मध्ये विठ्ठल त्याच हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यागाचा उपदेश बहुधा ज्याच्याकडे त्यागण्याजोगे फारसे नसते त्यालाच केला जातो.

गावसकर अर्थातच पळवणकर नव्हेत. ते मुंबईचे मध्यमवर्गीय, आणि आपल्या भागातील रागाचे एक कारण तेच आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. विदर्भाच्या अनुशेषाची आकडेवारी दांडेकर समितीने १९८४ साली मांडली. तेव्हापासूनचा आपला मुंबईवरील रोष रास्त आहे. पण सिंचनाची आणि रस्त्यांची थकबाकी एका फलंदाजाकडून वसूल करता येत नाही. शिवाय संघाला वेग हवा होता तेव्हा याच गावसकरांनी तो विदर्भाच्या भूमीवरच दाखवला. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी नागपूरला न्यूझीलंडविरुद्ध, गटात अग्रस्थान मिळवण्यासाठी २२२ धावा वेगाने काढायच्या होत्या. अंगात ताप असताना त्यांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. एकदिवसीय सामन्यांतील त्यांचे ते एकमेव शतक.

याचा अर्थ सर्व आरोप खोटे, असा नव्हे. १९८१ मध्ये मेलबर्नला पायचीत दिल्याच्या रागात त्यांनी सहकारी चेतन चौहानलाही मैदानाबाहेर नेऊ पाहिले. व्यवस्थापकाने अडवले नसते तर, पुढे भारताने ५९ धावांनी जिंकलेली ती कसोटी तिथेच गमावली असती. १९८७ साली पाकिस्तानविरुद्धच्या कलकत्त्याच्या कसोटीत ते खेळले नाहीत, कारण तेथील प्रेक्षकांनी पूर्वी केलेला अपमान ते विसरले नव्हते. हा अहंकार आहे आणि तो संघाला महाग पडू शकत होता. त्याला अहंकारच म्हणावे.

आणि खरा हिशेब विचारायचाच असेल तर तो धावांच्या वहीत शोधू नये. १९८८ साली क्रिकेट-प्रशिक्षण केंद्रासाठी त्यांच्या न्यासाला वांद्र्यात म्हाडाचा भूखंड मिळाला. तीस वर्षांहून अधिक काळ तेथे केंद्र उभे राहिले नाही. २०२२ मध्ये भूखंड परत करण्यात आला. सार्वजनिक जमीन इतका काळ पडून राहते तेव्हा लाभार्थ्याला आणि त्याहून अधिक सरकारला जाब विचारणे हे समाजवाद्याचे काम आहे. पण आपण काय करतो? ३६ धावांवर पन्नास वर्षे चर्चा करतो आणि भूखंडाविषयी गप्प बसतो.

स्वार्थाच्या आरोपाची हीच खरी हानी आहे. तो नजर व्यवस्थेवरून व्यक्तीवर वळवतो. १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्यांना बक्षीस द्यायला नियामक मंडळाजवळ पैसे नव्हते. लता मंगेशकरांच्या कार्यक्रमातून प्रत्येकी एक लाख रुपये उभे करावे लागले. त्याच मंडळाने २०२२ साली आयपीएलच्या पाच हंगामांचे प्रक्षेपण-हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले. तरीही २०१९ मध्ये मंडळाच्या मान्यतेने स्थापन झालेली खेळाडूंची संघटना केवळ निवृत्तांसाठी आहे. खेळत्या खेळाडूला संघटना नाही. यावर आपल्या किती बैठकांत शब्द निघाला?

शेवटी, ही सवय क्रिकेटपुरती राहत नाही. पडलेल्या भावात कापूस न विकता घरात ठेवणाऱ्या खामगाव-मलकापूरच्या शेतकऱ्याला व्यापारी साठेबाज म्हणतो आणि आपण त्या शेतकऱ्याची बाजू घेतो. पण आपल्यातलाच एखादा तरुण चांगला बोलू लागला, सभा त्याच्या नावावर भरू लागली, की तो स्वतःसाठी काम करतो अशी कुजबुज आपणच सुरू करतो. वर्षानुवर्षे बांध घालण्याचे काम एकट्यावर टाकायचे आणि बांधावर त्याचे नाव दिसले की नाक मुरडायचे, ही न्यायाची रीत नव्हे. तालुक्यात बांध घालणारे आणखी चार जण तयार केले तर एकाच्या नावाचे ओझे कोणालाच वाटणार नाही. आणि ते तयार करणे ही जबाबदारी त्या एकट्याची नसून संघटनेची आहे.