अंगठा उमटत नाही म्हणून

ऊसतोडणीत वा वीटभट्टीवर राबून ज्यांच्या बोटांवरील रेषाच झिजल्या, त्यांचे ठसे रेशन दुकानातील यंत्र पुष्कळदा ओळखत नाही. श्रमाची खूणच अपात्रतेचा पुरावा ठरते! २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो धान्याचा हक्क दिला. ठसा जुळला नाही म्हणून कोणा पात्र व्यक्तीस वंचित ठेवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावले. तरीही ‘उद्या या’ हे उत्तर ऐकू येतेच. त्या फेरीत मजुराचा एक रोज बुडतो. यंत्राच्या चुकीचा भुर्दंड त्याने का सोसावा? करुणा ही कोणाची मेहेरबानी नसावी. अपवादाची नोंद करून त्याच दिवशी धान्य देणे, हाच नियम हवा. कार्यकर्त्यांनी दुकानापाशी उभे राहून ती नोंद करवून घ्यावी.