आधी नाक पाहावे, मग नाव ठेवावे

जंगलात पांढरे जनावर दिसले की ‘दुर्मिळ अल्बिनो’ हे दोन शब्द आपल्याकडे छापखान्यात खिळे जुळवून ठेवल्यासारखे तयारच असतात. छायाचित्र कितीही धूसर असो, हरीण पाठमोरे असो की बांबूच्या बेटात अर्धे दडलेले, मथळा ठरलेला. 2018 च्या मे महिन्यात ताडोबात काळा बिबट्या दिसला, 2021 मध्ये काझीरंगात पांढरे हॉग डिअर दिसले. दोन्ही छायाचित्रे देशभर फिरली. उद्या भामरागडच्या जंगलात कुणाला पांढरे, बांडे किंवा काळपट चितळ दिसले तर काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. तासाभरात फोटो गावभर, संध्याकाळपर्यंत जिल्हाभर, आणि दुसऱ्या दिवशी कुठल्या पाणवठ्यावर दिसले त्या पत्त्यासह छापून. माझे म्हणणे असे की अशा हरणाला नाव देण्याची घाई आणि त्याचा पत्ता देण्याची घाई, दोन्ही चुकीच्या आहेत. त्याचे नीट वर्णन लिहून ठेवण्याची घाई मात्र कुणालाच नसते, आणि खरे तर तीच करायला हवी.

कातडी, केस आणि डोळे यांना गडद रंग देणारे द्रव्य म्हणजे मेलॅनिन. ते शरीरात मुळीच तयार होत नसेल तर जनावर अल्बिनो. अशा हरणाचे केस पांढरे असतातच; पण डोळा गुलाबी किंवा अगदी फिकट, नाकपुड्यांभोवतीची ओली कातडी गुलाबी आणि खूरही फिके असतात. मेलॅनिन तयार करण्याची क्षमता शाबूत आहे, पण रंगपेशीच केसांपर्यंत पोहोचल्या नाहीत, तर त्या अवस्थेला ल्युसिझम म्हणतात. असे हरीण दुधासारखे पांढरे असूनही त्याचा डोळा काळाभोर असतो. रंगपेशी काही ठिकाणी पोहोचल्या आणि काही ठिकाणी नाहीत, तर अंगावर पांढरे चट्टे उमटतात. त्यासाठी इंग्रजी नाव शोधण्याची गरज नाही, आपल्या शेतकऱ्याने अशा बैलाला केव्हाच ‘बांडा’ म्हणून ठेवले आहे. रंगद्रव्य जास्त झाले तर काळे जनावर, ताडोबातल्या त्या बिबट्यासारखे. म्हणजे पांढरेपणा हे निदान नव्हे, ते फक्त एक लक्षण आहे. निदान डोळ्यात, नाकावर आणि खुरांत असते, आणि नेमके तेच आपल्या फोटोंत दिसत नाही. पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षणात काम केलेले अनिल महाबळ आणि त्यांचे सहकारी यांनी एका डच पक्षितज्ज्ञाबरोबर भारतातल्या विचित्र रंगाच्या पक्ष्यांच्या नोंदी तपासून 2016 मध्ये लेख लिहिला. ‘अल्बिनो’ म्हणून नोंदलेले बरेचसे पक्षी मुळात अल्बिनो नव्हतेच, असे त्यातून दिसते. पुढे 2019 मध्ये महाबळ आणि सहकाऱ्यांनी 1886 ते 2017 या काळातल्या सस्तन प्राण्यांच्या अशा नोंदीही एकत्र केल्या. सव्वाशेहून अधिक वर्षांची ही सामग्री आहे. तिच्यातली एखादी नोंद कितपत उपयोगी पडते, हे पाहणाऱ्याने तेव्हा काय लिहिले यावरच अवलंबून राहते.

त्याहीआधीची पायरी म्हणजे समोरचे जनावर खरोखर वेगळ्या रंगाचे आहे का, हे ठरवणे. इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. ‘हरीण’ हा आपला शब्द फार सैल आहे. चितळ, सांबर आणि भेकर यांच्याबरोबर काळवीट, चौशिंगा आणि कधी कधी रोहीही त्यात जाऊन बसतात. पहिल्या तिघांची शिंगे गळतात आणि पुन्हा येतात, उरलेल्यांची तशी गळत नाहीत. काळविटाचा नर काळा आणि मादी बदामी, रोहीचा नर निळसर करडा आणि मादी तांबूस. यात विकृती काही नाही, हा वय आणि लिंग यांचा हिशेब आहे. म्हातारे सांबर जवळजवळ काळे होते. माजावर आलेला सांबर चिखलात लोळतो, आणि तो चिखल अंगावर वाळला की राखाडी भुतासारखा दिसतो. सांबराच्या गळ्याखाली कधी कधी केस गेलेला लालसर, ओला चट्टा दिसतो. पाहणारा त्याला जखम समजतो, कुणी रोग समजतो. प्रत्यक्षात ती ग्रंथीची जागा असते. पावसात भिजलेले चितळ गडद दिसते, आणि वैशाखात पाने झडलेल्या रानातल्या कडक उन्हात तेच फिके. मार्चमध्ये मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. त्या राखेत फुले खात फिरलेल्या चितळाचे पाय गुडघ्यापर्यंत करडे होतात. चितळ काळे वाटले तर गळ्याखालचा पांढरा पट्टा पाहावा, पाठीच्या कण्यावरची गडद रेघ पाहावी, कुशीवर खालच्या बाजूला ठिपके एकमेकांना जुळून ओळ करतात का ते पाहावे. हे सगळे जिथल्या तिथे असेल तर बहुधा उजेडाने फसवले. रात्रीचा फोटो तर पुराव्यातून बादच करावा. बॅटरीच्या झोतात प्रत्येक हरणाचे डोळे चमकतात, कारण दृष्टिपटलामागे उजेड परतवणारा पडदा असतो. तेवढ्यावरून ‘लाल डोळ्यांचे’ ठरवणे म्हणजे कहर. अवरक्त कॅमेरा ट्रॅपमध्ये तर रात्री सगळे जगच करड्या रंगाचे असते.

भामरागडचा हा प्रदेश जुन्या दंडकारण्याचा म्हणून ओळखला जातो, आणि विचित्र रंगाच्या हरणाची आपली एक जुनी गोष्टही दंडकारण्यातलीच आहे. त्या गोष्टीत शंका घेणारा माणूस लक्ष्मण आहे. असे रत्नजडित हरीण जगात नसते, ही मारीचाची माया आहे, असे तो वाल्मीकींच्या रामायणात सरळ सांगतो, आणि त्याचे कुणी ऐकत नाही. आजचा मारीच संगणकात तयार होतो आणि सोन्याच्या हरणाचा फोटो काढायला त्याला अर्धे मिनिट पुरते. तेव्हा फोटो आला की आधी लक्ष्मण व्हावे.

यावर एक आक्षेप येणारच: अल्बिनो म्हटले काय आणि ल्युसिस्टिक म्हटले काय, हरणाला त्याचे काय? हा पंडितांचा काथ्याकूट नाही का? हरणाला काही नाही, हे खरे. पण रानाला आहे. अल्बिनो जनावराची नजर सहसा अधू असते, त्याला ऊन सोसत नाही, त्यामुळे ते फार काळ टिकेल असे गृहीत धरता येत नाही. काळ्या डोळ्यांचे पांढरे हरीण मात्र मोठे होऊन पिल्लेही देऊ शकते. केस झडून फिके पडलेले हरीण कदाचित खरजेने आजारी असते, आणि ते जंगलातल्या बाकीच्यांसाठी वेगळे संकट असते. तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे पांढरेपण बहुधा आई आणि बाप दोघांकडून आल्याशिवाय दिसत नाही. ज्यांच्यात ते लपलेले असते ती जनावरे बाहेरून अगदी साधी दिसतात. समजा, शंभरांत एक हरीण असा गुण लपवून बाळगते. मग तसे दोघे एकत्र येण्याची शक्यता दहा हजारांत एक, आणि त्यांचे पिल्लू पांढरे निघण्याची चाळीस हजारांत एक. बाहेरची आवक थांबून कळपात सगेसोयरेच उरले की हे गणित झपाट्याने बदलते. ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये ते वाघांच्या बाबतीत घडले. संशोधक उमा रामकृष्णन आणि विनय सागर यांच्या गटाने 2021 मध्ये दाखवले की तिथल्या काळपट वाघांमागे एकाच जनुकातला बदल आहे आणि एकाकी पडलेल्या त्या छोट्या वस्तीत दर तीन वाघांमागे साधारण एक तसा आहे. एकटे पांढरे चितळ यातले काहीच सिद्ध करत नाही. पण एकाच खोऱ्यात पाच वर्षांत तीन दिसली, तर तो प्रश्न गंभीरपणे विचारावा लागतो. भामरागड अभयारण्य जेमतेम 104 चौरस किलोमीटरचे आहे; त्याचा जीव इंद्रावती नदीपलीकडच्या छत्तीसगडातल्या व्याघ्र प्रकल्पाशी आणि भोवतालच्या सलग जंगलाशी जोडलेला आहे. शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सूरजागडला लोहखनिज निघते आहे, रस्ते रुंद होत आहेत. ही जोडणी कुठे तुटते आहे का, हे सांगणाऱ्या खुणा कमी आहेत. हरणांचा रंग ही त्यातली एक होऊ शकते, पण नोंदी नेमक्या असल्या तरच.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो हलका नाही. ताडोबाच्या आसपास वाघामुळे गाइडला, जिप्सीवाल्याला, खानावळीला काम मिळते. मग भामरागडने आपले पांढरे हरीण लपवून का ठेवायचे? कारण ताडोबाला प्रवेशद्वारे आहेत, ठरलेले रस्ते आहेत, गाड्यांची मर्यादा आहे आणि पाळतीला माणसे आहेत. भामरागडच्या रानात त्यातले फारसे काही नाही, आणि चितळ स्वतःच्या बचावाला बिबट्याइतके समर्थ नाही. पांढऱ्या रंगाची हौस कुठवर जाते ते आपण पाहिले आहे. रीवा संस्थानाच्या जंगलात 1951 मध्ये मोहन हा पांढरा वाघ पकडला. पांढरी पिल्ले व्हावीत म्हणून पुढे त्याची गाठ त्याच्याच मुलीशी घालण्यात आली, आणि त्या घराण्यातले तिरळे डोळे प्राणिसंग्रहालये आजवर सांभाळत आहेत. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात सेनेका इथल्या लष्करी कोठाराभोवती 1941 मध्ये कुंपण पडले आणि पांढऱ्या शेपटीची हरणे आत अडकली. त्यांच्यात काळ्याभोर डोळ्यांची पांढरी हरणे निघाली; अधिकाऱ्यांनी पांढऱ्यांवर गोळी झाडायला बंदी केली, तपकिरी हरणांची शिकार चालू राहिली, आणि पांढऱ्यांची संख्या दोनशेच्या घरात गेली. वाढणारा रंग तिथे रानाने निवडला नाही, बंदूकवाल्यांनी निवडला. पांढरे हरीण उठून दिसते म्हणून जगतच नाही, असे सरसकट म्हणणेही यामुळे टिकत नाही. युरोपातल्या फॅलो डिअरमध्ये तर पांढरी, काळी आणि ठिपक्यांची हरणे एकाच कळपात नांदतात.

मग नोंद ठेवायची कुणी? चार दिवसांसाठी आलेल्या पर्यटकाने नव्हे. मोहाच्या दिवसांत पहाटे टोपली घेऊन झाडाखाली बसलेली इथली माडिया आदिवासी बाई आणि त्याच झाडाखाली फुले टिपायला आलेले चितळ यांच्यात कधी कधी वीस-पंचवीस पावलांचे अंतर असते. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला हजारो माणसे उजाडायच्या आत रानात असतात. इतके डोळे, इतक्या जवळून, कोणत्याही सर्वेक्षणाला मिळत नाहीत. इथे कुणी म्हणेल, हीच माणसे शिकार करतात, त्यांच्या हाती नोंदवही कशी द्यायची? पारध होते, ती कायद्याने गुन्हा आहे, हे झाकण्यात अर्थ नाही. पण भामरागडजवळच्या हेमलकशात 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिल्यानंतर डॉ. प्रकाश आमटे यांनी शिकारीत पोरकी झालेली पिल्ले मागितली, तेव्हा ती आणून देणारे हातही याच माणसांचे होते. तिथल्या प्राण्यांच्या अनाथालयाची सुरुवात त्यातूनच झाली. शिवाय ही काही मेहेरबानी नव्हे. 2006 च्या वनहक्क कायद्याचे पाचवे कलम वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देते, आणि 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली लोक जैवविविधता नोंदवही गावागावात तयार व्हायची आहे. त्या वहीत ‘विचित्र रंगाची जनावरे’ असे एक पान उघडायला कुणाच्या मंजुरीची गरज नाही. नोंद माडियात सांगावी, मराठीत लिहावी. ढवळे, बांडे, कबरे हे शब्द त्याला पुरेसे आहेत. तारीख, वेळ, ऊन की सावली, नर की मादी, सोबत किती होती, आणि मग नाक, डोळे, खूर. वनविभागाने या पानांची वर्षातून एकदा बेरीज करून जिल्ह्याचे आणि महिन्याचे नाव जाहीर करावे. लोकांपासून लपवाछपवी नको, एवढ्यापुरते ते पुरेसे आहे. पाणवठ्याचे नाव ग्रामसभा आणि वनरक्षक यांच्यातच राहावे.

आणि ज्याच्या मोबाइलमध्ये असे हरीण आधीच आले आहे, त्याने फोटो पुढे पाठवण्यापूर्वी त्यातले लोकेशन काढून टाकावे आणि पुढच्या वेळेसाठी कॅमेऱ्याचे लोकेशन बंद करावे.