‘मायनर चेंजेस’ म्हणजे नेमकं काय, बॉस?

ऑफिसातलं कुठलंही टेक्निकल मॅन्युअल उघडा. पहिल्या पानावर कंपनीचा लोगो, दुसऱ्यावर एक तक्ता. व्हर्जन, तारीख, कोणी बदललं, काय बदललं. याचं नाव रिव्हिजन हिस्टरी. आपण तिच्यावरून थेट पुढे उडी मारतो. मारणारच! कारण ‘काय बदललं’च्या रकान्यात बहुतेक वेळा एकच मंत्र असतो : ‘मायनर चेंजेस’. त्याखाली परत ‘मायनर चेंजेस’. आणि शेवटी, जरासं वैतागून, ‘अपडेटेड’.

आमच्या टीमकडे एका क्लायंटचं इन्स्टॉलेशन गाइड आलं होतं. तिसऱ्या व्हर्जनमध्ये टाइमआउट ३० सेकंद, चौथ्यात ९०. तक्त्यात? अर्थातच ‘मायनर चेंजेस’. आता ही टायपिंगची चूक, की कोणीतरी रात्र जागून कमावलेलं शहाणपण? बदलणारा तर केव्हाच नोकरी सोडून गेलेला. दोन दिवस आणि अगणित कटिंग चहा खर्ची पडल्यावर कळलं, की बॅकअप चालू असताना सर्व्हर उत्तर द्यायला मिनिटभर घेतो. ‘बॅकअपच्या वेळी ३० सेकंद पुरत नाहीत.’ एवढं एक वाक्य लिहायला किती वेळ लागतो?

हेच काम नीट केलेलंही बघा. ब्राउझर आणि वेबसाइट एकमेकांशी एचटीटीपीच्या नियमांनी बोलतात. हे नियम ‘आरएफसी’ नावाच्या दस्तऐवजांत असतात. तिथला फंडा एकदम कडक : छापलेल्या आरएफसीला हात लावायचा नाही, बदल हवा तर नवा नंबर घ्यायचा. १९९९ च्या आरएफसी २६१६ मध्ये सल्ला होता, की ब्राउझरने एका सर्व्हरशी दोनपेक्षा जास्त कनेक्शन्स ठेवू नयेत. २०१४ च्या आरएफसी ७२३० ने ही मर्यादा काढली. बदलांच्या यादीत तशी नोंद आहे, आणि ठरावीक आकडा बऱ्याच अ‍ॅप्लिकेशन्सना व्यवहारात जमत नव्हता, हे कारणही मजकुरात दिलंय.

फारच टेकी वाटतंय? मग गावाकडच्या जमिनीचा सातबारा काढा. नावाजवळ फेरफार क्रमांक दिसेल. तो घेऊन गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही गाठा. नाव वारसाने लागलं, खरेदीने की वाटणीने, ते तिथे कळतं. कमी झालेल्या नावाला पूर्वी कंस व्हायचा. आजोबांना ‘व्हर्जन कंट्रोल’ हा शब्द माहीत नसेल, पण फेरफार पाहिल्याशिवाय त्यांनी जमिनीचा व्यवहार केला नसता.

आज गिट किंवा विकीसारखी टूल्स कोणी, कधी, काय बदललं ते आपोआप नोंदवतात. ‘का’ बदललं ते मात्र तुम्हालाच लिहावं लागतं. तेव्हा पुढच्या वेळी रकान्यात चार गोष्टी टाका : कुठला भाग, आधी काय होतं, आता काय आहे आणि कशामुळे. दोन ओळींचं काम.

नोटिस पीरियडच्या शेवटच्या दिवशी केक कापला जातो, फेअरवेल मेल जातो, आयडी कार्ड जमा होतं. डॉक्युमेंट तिथेच राहतं. सोमवारी ते उघडणाऱ्या नव्या मुलीकडे तुमचा फोन नंबर नसतो. तिच्याकडे असतो फक्त तो तक्ता.