बांधावरचें गवत

गेल्या मासीं आमच्या पुतण्याचें पत्र आलें. चिरंजीव नोकरीनिमित्त ठाण्यास असतात. परंतु रोहे तालुक्यांतील आमच्या वडिलोपार्जित तीन भातखाचरांचा भार थोरल्या बंधूंच्या पश्चात् त्यांच्यावरच आला आहे. पत्रांत त्यांनीं विचारलें होतें कीं, बांध गवतानें फार माजले आहेत. एक ठेकेदार तणनाशक फवारून व यंत्रानें खरवडून ते 'स्वच्छ' करून देण्यास सिद्ध आहे. तरी काकांचें मत काय? प्रश्न दोन ओळींचा होता. उत्तर लिहावयास मात्र आम्हांस तीन दिवस लागले. कारण त्या बांधांचें आम्ही कांहीं देणें लागतों. तें काय, हें वाचकांसहि सांगावें, म्हणून या खेपेचें सदर त्याच विषयाला दिलें आहे.

सन १९८२च्या वैशाखांतली गोष्ट. आम्ही तेव्हां नुकतेच भाईंदरला शाळेंत लागलों होतों. नीटनेटकेपणाची आवड पराकाष्ठेची. फळ्यावरची ओळ किंचित् वांकडी झाली तरी पुसून पुन्हां लिहावी, अशी वृत्ति. सुटींत घरीं गेलों, तों बांधांवर कमरेएवढें वाळलेलें गवत आणि त्याच्या बुडाशीं हरळीचें जाळें दिसलें. आळशी माणसाचें शेत असें असतें, असें मनांत आलें. आणि बंधु परगांवीं गेले असतां चार दिवस कुदळ चालवून आम्हीं मधला बांध मुळासकट सोलून काढला. शेतावर राबणारा वृद्ध गडी जवळ येऊन म्हणाला, "मास्तर, त्याचं पांघरूण नका काढूं. उघड्या बांधाला पाऊस सोसायचा नाय." आम्हीं हंसून त्याला वाटेस लावलें.

शाळा उघडली, आम्ही परत आलों. आषाढांत दोन दिवस संततधार लागली आणि तिसऱ्या दिवशीं पहाटे तो बांध फुटला. वरच्या खाचराचें पाणी खालच्यांत घुसलें. नुकतीच झालेली लावणी वाहून गेली व तिच्या जागीं मुरूम पसरला. बंधूंचें कार्ड आलें: मधला बांध गेला, लावणी पुन्हां करावी लागेल, प्रकृतीस जप. दोषाचा एक शब्दहि नव्हता. पुढील वर्षीं त्यांनीं बांध नव्यानें घातला, ओढ्याकांठचे वाळ्याचे ठोंब आणून त्यावर ओळीनें लावले, आणि तो विषय आमच्यापाशीं जन्मांत पुन्हां काढला नाहीं.

आतां गवतानें असें काय केलें असतें, तें पाहूं. उघड्या मातीवर पावसाचा थेंब आदळतो तेव्हां ढेकूळ फुटतें. त्यांतील सूक्ष्म कण मातीचीं छिद्रें बुजवितात. मग पाणी मुरण्याऐवजीं वाहूं लागतें आणि जातांना वरचा सुपीक थर बरोबर नेतें. गवताचें पातें तो मार स्वतःवर घेतें. देठांच्या दाटींत पाण्याचा वेग मोडतो व गढूळ पाण्यांतील गाळ तेथेंच बसतो. खालीं तंतुमय मुळांचें जाळें मातीला आवळून धरितें. त्यांतील कांहीं मुळें दरवर्षीं मरतात, कुजून भूमीस सेंद्रिय द्रव्य देतात व गांडुळांस वाट करून देतात. भात, नाचणी, गहूं हींहि वस्तुतः गवतेंच होत; परंतु तीं वर्षायु. चार महिन्यांत संसार उरकून दाणा देतात व मरतात. पुढें भूमि उघडी पडते. बांधावरचें गवत बहुवर्षायु असतें. तें उन्हाळ्यांत वरून वाळलेलें दिसलें तरी खालून जिवंत असतें आणि पहिल्या सरीबरोबर उठून कामाला लागतें.

आमच्या पूर्वजांनीं हें अवलोकन केलें नव्हतें, असें नाहीं. अमरसिंहानें आपल्या कोशांत दूर्वेस शतपर्विका, सहस्रवीर्या, रुहा, अनन्ता अशीं नांवें दिलीं आहेत. शंभर पेरांची, हजार प्रकारच्या सामर्थ्याची, पुन्हां पुन्हां उगवणारी, जिला अन्त नाहीं अशी. एवढें वर्णन वाचल्यावर वनस्पतिशास्त्राचें पुस्तक वेगळें उघडावयास नको. हरळी पेरापेरास मुळें टाकीत चालते, हेंच त्या नांवांचें मर्म होय. त्याच कोशांत वाळ्याच्या गवतास वीरण व त्याच्या मुळास उशीर म्हटलें आहे. गवताचें नांव निराळें आणि मुळाचें निराळें. कारण आपल्या माठांत पडतो तो मुळाचा भाग आणि शेत राखतें तें उभें गवत. मुळासाठीं ठोंब उपटला कीं पाणी सुगंधित होतें, पण बांध जातो. एकाच ठोंबाकडून दोन्ही कामें घेतां येत नाहींत.

परंतु गवत तितुकें चांगलें, असें म्हणणेंहि भाबडेपणाचें होईल. 'तण खाई धन' ही म्हण शेतकऱ्यानें पाठ मोडून शिकलेली आहे. जी दूर्वा बांधावर रक्षक, तीच खाचरांत शिरली तर पिकाचें पाणी व खत निम्मे वाटून घेणारी भाऊबंद. तिचा एक तुकडा राहिला तरी पुन्हां सारें शेत व्यापावयाचा. यासाठीं कोणतें गवत कोठें, हाच खरा प्रश्न. वाळ्याचा गुण हा कीं, त्याचा ठोंब जागच्या जागीं जाड होतो, हरळीसारखा धांवत सुटत नाहीं. आणि त्याचीं मुळें आडवीं न पसरतां सरळ खालीं, तीन-चार मीटरांपर्यंत जातात. म्हैसुराजवळील गुंडलुपेट भागांतले शेतकरी पिढ्यान् पिढ्या शेताच्या हद्दीस वाळा लावीत आले आहेत. १९८०नंतरच्या दशकांत जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनीं हिंदुस्थानांत मृद्संधारणासाठीं वाळ्याच्या कुंपणाचा मोठा पुरस्कार केला, आणि १९९३ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें या एका गवतावर स्वतंत्र ग्रंथ काढला. आमच्या बंधूंनीं तो ग्रंथ वाचलेला नव्हता. त्यांनीं ओढ्याचा कांठ पाहिला होता, तेवढें पुरलें.

गवत काढून टाकण्याची किंमत काय पडते, हें त्याच अमेरिकेनें फार महागांत शिकून घेतलें. तेथील मध्यभागांत बहुवर्षायु गवताचे विस्तीर्ण माळ होते. ते नांगरून लोकांनीं गहूं पेरला. पुढें १९३० नंतर अवर्षण पडलें, तेव्हां मोकळी झालेली माती वाऱ्यावर उडाली. १४ एप्रिल १९३५ हा रविवार तर धुळीनें दिवसां अंधार पडल्यामुळें 'काळा रविवार' म्हणूनच ओळखला जातो. त्याच महिन्यांत तेथें मृद्संधारणाचा कायदा झाला. पुढें १९७६ सालीं कॅन्सस प्रांतांत वेस जॅक्सन यांनीं एक संस्था काढून असा प्रयत्न आरंभिला कीं, धान्यच बहुवर्षायु करतां येईल काय?

या प्रश्नाचें भातापुरतें उत्तर चीनमधील युन्नान विद्यापीठांतून आलें. लागवडीचें भात व आफ्रिकेंतील एक जंगली बहुवर्षायु भात यांच्या संकरांतून तेथें नवा वाण तयार झाला व २०१८ सालीं शेतकऱ्यांस मिळाला. एकदां लावावा, कापावा, खोडवा पुन्हां फुटूं द्यावा. अशीं चार वर्षांत आठ पिकें घेतलीं तेव्हां दर पिकास हेक्टरीं सरासरी ६.८ टन भात आलें. दर वेळीं नव्यानें लावलेल्या भाताचें ६.७ टन होतें. पांचव्या वर्षीं उत्पन्न उतरूं लागतें व पुन्हां लावणी करावी लागते, तणाकडेहि लक्ष ठेवावें लागतें. तरी वर्षानुवर्षें चिखलांत वांकणाऱ्या बायांच्या कंबरेचा विचार केला, म्हणजे या शोधाचें मोल कळतें.

आपल्याकडेहि शहाणीं माणसें स्वस्थ बसलेलीं नाहींत. नेरळच्या सगुणा बागेचे श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं चिखलणी व लावणी दोन्ही टाळून गादीवाफ्यांवर भात घेण्याची रीति प्रचारांत आणिली. तींत कापणीनंतर मुळें जमिनींतच राहूं देतात व नांगर घालीत नाहींत. कोल्हापूरचे श्री. प्रताप चिपळूणकर यांनीं तर जुनी म्हण उलटी करून 'तण देई धन' असें सूत्र मांडलें. या दोन्ही रीतींत तणनाशकाला स्थान आहे, हें लपवूं नये. मूळ मातींत ठेवण्यासाठीं तें वापरावें कीं नाहीं, याविषयीं विचारी माणसांत मतभेद आहे. जपानचे मासानोबु फुकुओका हे मात्र नांगर, खत व औषध तिन्ही टाकून भात व जवाच्या शेतांत पांढऱ्या क्लोव्हरचें जिवंत आच्छादन राखीत. ते एकदां उंबरगांवाजवळच्या देहरी येथें भास्करभाई सावे (१९२२–२०१५) यांची नारळ-चिकूची वाडी पाहावयास आले होते. भास्करभाई मूळचे शाळामास्तर, म्हणून आम्हांस त्यांचा विशेष अभिमान. मास्तरानें कुदळ हातीं धरली म्हणजे बांधच फुटतो असें नाहीं, एवढा दिलासा त्यांच्या चरित्रानें मिळतो.

गवताचें कौतुक करितांना आमच्या या ठाणें जिल्ह्यानें एक गोष्ट विसरूं नये. मुंबईच्या तबेल्यांस व घोड्यांस लागणारें गवत या किनारपट्टींतूनच जात असे, आणि तें कापणारे हात वारल्यांचे होते. १९४५ सालीं गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या पुढारपणाखालीं वारल्यांनीं पांचशें पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मजुरी मागितली व काम थांबविलें. त्या वर्षीच्या ऑक्टोबरांत तलासरी भागांत गोळीबार होऊन त्यांतले कांहीं प्राणास मुकले. माती धरून ठेवणारें गवत पुण्यकारक खरें. पण तें कापणाऱ्याचें पोट रिकामें राहिलें, तर त्या पुण्याचा जमाखर्च जुळत नाहीं.

आतां चिरंजीवांस आम्हीं काय लिहिलें, तें सांगतों. ठेकेदारास नकार कळवावा. बांधावरचें गवत आश्विनांत विळ्यानें कापावें, चार बोटें बुडखा राखावा, कुदळ लावूं नये. हरळी खाचरांत उतरूं लागली तर आंतल्या बाजूस वीतभर पट्टी मृगापूर्वीं खोदून काढावी; एवढ्यापुरतीच कुदळ. जेथें बांध खचला असेल तेथें पावसाच्या आरंभीं वाळ्याचे फुटवे दहा ते पंधरा सेंटिमीटर अंतरानें एका ओळींत लावावे, पहिलें वर्ष गुरांपासून राखावे, व मुळांसाठीं ते कधींहि उपटूं नयेत. भात निघाल्यावर ओलीवर वाल टाकावे. रायगडांतली ही जुनी चाल जमिनीस पांघरूण देते, नत्र देते आणि माघांत घरीं बिरडें देते. वाळलेल्या गवतास कोणी काडी लावूं नये म्हणून लक्ष ठेवावें. कापणाऱ्यास मजुरी रोख व पुरी द्यावी.

भाईंदरकर वाचक म्हणतील, आम्हांस शेत नाहीं, बांध नाहीं. आम्हीं काय करावें? एके काळीं राई, मुर्धे, मोरवा येथें खाडीचें पाणी बांधानें अडवून लोक भात पिकवीत. २००२ सालीं येथें महानगरपालिका झाली. इमारती त्यापूर्वींच उठूं लागल्या होत्या. आमच्या इमारतीच्या आवारांत सिमेंटचे ठोकळे बसविण्याचा ठराव आला, तेव्हां आम्हीं भिंतीलगतची दोन हात रुंदीची पट्टी मातीची राखावी असा आग्रह धरिला. बऱ्याच वादानंतर तो मान्य झाला. आज त्या पट्टींत हरळी वाढते. पावसाचें कांहीं पाणी तेथें मुरतें, आणि भाद्रपदांत आवारांतील सहा बिऱ्हाडांना दूर्वा स्थानकावरून विकत आणाव्या लागत नाहींत.

पत्राच्या शेवटीं आम्हीं चिरंजीवांस १९८२चा सर्व वृत्तान्त लिहिला. बांध कोणीं सोलला, हें आजवर आम्हीं त्या घरांत उच्चारलें नव्हतें. आठ दिवसांनीं उत्तर आलें. त्यांत लिहिलें होतें: "काका, फुटलेल्या बांधाची गोष्ट बाबा आम्हांस पुष्कळदां सांगत. त्या वर्षीं पाऊसच फार झाला होता, एवढेंच ते म्हणत. ठेकेदारास नाहीं म्हणून कळविलें आहे."

ज्येष्ठांत आम्ही रोह्यास जाणार आहों. मधल्या बांधाच्या दक्षिण टोंकाशीं वाळा विरळ झाला आहे, असें चिरंजीव लिहितात. तेथें फुटवे लावावयाचे आहेत. वय झालें, फार वेळ वांकवणार नाहीं. पण ओळ सरळ येते कीं नाहीं, हें तरी पाहतां येईल.