झुरळाचे भय आणि खेळाचे औषध

‘झुरळाला काय भितोस?’ असे म्हणून मेलेले झुरळ पोराच्या अंगावर टाकायचे आणि त्याची किंकाळी ऐकून हसायचे, हा जो प्रकार आपल्या घरोघरी चालतो, त्याला थट्टा म्हणण्याची आमची तयारी नाही. अशा जबरदस्तीने भीती जात नाही, ती मुरते. १९२४ साली अमेरिकेतील मेरी कव्हर जोन्स या विदुषीने, सशाला भिणाऱ्या पीटर या सुमारे तीन वर्षांच्या बालकावरील उपचारांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. तिने त्याच्यासोबत सशाला न भिणारी मुले खेळावयास आणली. तो आवडीचा खाऊ खात असता ससा दूर ठेवला आणि क्रमाक्रमाने जवळ नेला. अखेरीस सशाला आपली बोटे कुरतडू देण्याइतका पीटर निर्धास्त झाला.

आजच्या उपचारात्मक खेळांचे तत्त्व हेच आहे. स्पेनमधील क्रिस्तिना बोतेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झुरळांना भिणाऱ्या एका स्त्रीस प्रथम मोबाइलवरील झुरळांचा खेळ खेळावयास दिला व त्यानंतर पुढील उपचार केले. हा वृत्तान्त २०११ चा. बाझल विद्यापीठाने २०२१ मध्ये कोळ्याच्या भयावर मोबाइलचाच उपाय तपासला. कॅमेऱ्यातून आपल्याच खोलीत कोळी दिसतो आणि पायरीपायरीने जवळ येतो. ६६ जणांच्या त्या चाचणीत सराव केलेल्यांचे खऱ्या कोळ्यासमोरील भय इतरांपेक्षा उणावले.

पळ काढला की सुटल्यासारखे वाटते आणि त्या सुटकेवरच भय पोसते. खेळात पळावे लागत नाही. पुढची पायरी केव्हा चढायची हे भिणाराच ठरवितो, आणि हसणारे कोणी नसते. आमच्या मते खरे औषध हे आहे. यंत्र केवळ निमित्त.

अर्थात नागाला, फुरशाला भिणे हा रोग नव्हे, ते शहाणपण होय. परंतु पालीच्या धास्तीने न्हाणीघरात पाऊल न टाकणारी सून किंवा वाटेवरच्या कुत्र्यापायी शाळा चुकविणारा मुलगा यांची गोष्ट वेगळी. त्यांच्या हाती नुसता मोबाइल देऊन भागणार नाही, जाणता मार्गदर्शक हवा. बांबोळीच्या मनोरुग्णालयाची पायरी चढण्यास आपला समाज अजून कचरतो. असो. मग तो मार्गदर्शक आठवड्यातून एक दिवस तरी तालुक्याच्या आरोग्य केंद्रात बसावा, एवढी तजवीज सरकारला करता येईल.