शेतावर आरक्षण पडलंय? कोर्टाआधी नोटीस



शहरालगतच्या आपल्या बऱ्याच शेतांवर विकास आराखड्यात (डीपी) शाळा, बगीचा, रस्ता असं आरक्षण आहे. मोबदला मिळत नाही, बांधकाम करता येत नाही, गिऱ्हाईकही येत नाही. "सरळ हायकोर्टात जाऊ" असं काही जण म्हणतात. माझं मत वेगळं आहे. आरक्षण या गटात हवं की शेजारच्या, हे कोर्ट सहसा ठरवत नाही. कायदा पाळला का, एवढंच बघतं. म्हणून आपली बाजू कागदावर पाहिजे.

एमआरटीपी कायदा १९६६, कलम १२७ बघा. अंतिम आराखडा लागू होऊन १० वर्षांत जमीन घेतली नाही, संपादनही सुरू केलं नाही, तर मालकाने मालकीचे कागद जोडून नोटीस द्यायची. त्यानंतर २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपलं असं धरतात. ही मुदत आधी ६ महिने होती, मग १२ झाली, २०१५ च्या दुरुस्तीने २४. दहा वर्षं थांबलेल्याला अजून दोन वर्षं थांबवणं हा अन्यायच, स्पष्ट बोलतो. पण नुसता प्रस्ताव पाठवला म्हणजे पाऊल उचललं असं होत नाही, हे सुप्रीम कोर्टाने गिरनार ट्रेडर्स खटल्यात (२००७) सांगितलंय.

साहेबांची भेट, पुढाऱ्याचं पत्र यांनी ही मुदत सुरू होत नाही. सामाईक ७/१२ असेल तर सगळ्यांच्या सह्या घ्या. नोटीस वकिलाला दाखवूनच द्या आणि पोच जपून ठेवा. आराखडा अजून प्रारूप असेल तर मुदतीत लेखी हरकत द्या.